कंट्रोल ग्रुपला काय मिळत होतं? नवजात बाळांच्या फुप्फुसदाबावरचे दोन पेपर



संशोधनाच्या प्रवेशपरीक्षेची आणि मुलाखतीची तयारी करणारे बरेच जण एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत विचारतात. पेपर वाचायचा म्हणजे नेमकं काय वाचायचं? ॲब्स्ट्रॅक्ट वाचून होतो, निष्कर्ष पाठ होतो, आणि समोरच्यांनी एक उपप्रश्न विचारला की गाडी तिथेच अडते. माझं उत्तर थोडं एककल्ली आहे, पण सांगतो: औषध कोणतं हे नंतर बघा, आधी ज्यांना ते औषध मिळालं नाही त्यांना काय मिळत होतं ते वाचा. आज हे दोन पेपर घेऊन करून दाखवतो. दोन्ही एकाच आजारावरचे आहेत आणि दोन्ही गाजलेले. पहिला १९९७ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये आला, दुसरा २००६ साली 'पीडियाट्रिक्स'मध्ये.

आजार आहे नवजात बाळाच्या फुप्फुसांतला चढा रक्तदाब, म्हणजे पीपीएचएन. पाठ्यपुस्तकांत या दोन पेपरांचं मिळून एक वाक्य होतं: "पहिली पसंती श्वासातून दिला जाणारा नायट्रिक ऑक्साइड, तो उपलब्ध नसल्यास सिल्डेनाफिल." उपचार म्हणून हे वाक्य बरोबर असेलही. पण पुरावा म्हणून त्यातल्या "उपलब्ध नसल्यास" या दोन शब्दांखाली बरंच काही झाकलं गेलंय, आणि माझा आक्षेप तिथे आहे.

आधी आजार समजून घेऊ, म्हणजे पुढचे आकडे बोलू लागतील.

पोटात असताना बाळ फुप्फुसांनी श्वास घेत नाही. ऑक्सिजन वारेतून येतो. फुप्फुसांत पाणी भरलेलं असतं आणि तिथल्या रक्तवाहिन्या घट्ट आवळलेल्या असतात, त्यामुळे हृदयातून निघालेल्या रक्ताचा थोडाच हिस्सा तिकडे जातो. बाकीचं रक्त दोन आडवाटांनी थेट शरीरात निघून जातं: हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमधलं छिद्र (फोरॅमेन ओव्हेल) आणि फुप्फुसधमनीला महाधमनीशी जोडणारी नळी (डक्टस आर्टेरिओसस). जन्मल्यावर बाळ रडतं, फुप्फुसांत हवा शिरते, ऑक्सिजन वाढतो, रक्तवाहिन्या सैल होतात आणि काही मिनिटांत सगळी वाहतूक फुप्फुसांकडे वळते. पीपीएचएनमध्ये हे वळणच होत नाही. रक्तवाहिन्या आवळलेल्याच राहतात, निळं रक्त जुन्या आडवाटांनी शरीरात जात राहतं, आणि व्हेंटिलेटरवर शंभर टक्के ऑक्सिजन दिला तरी बाळ निळंच. "पोटातच शी केली, पाणी फुप्फुसात गेलं" असं आपण ज्या बाळांबद्दल ऐकतो, त्यांच्यात हा धोका मोठा. जंतुसंसर्ग आणि प्रसूतीच्या वेळी श्वास गुदमरणं ही आणखी कारणं. प्रमाण साधारण हजार जन्मांमागे दोन. हा आकडा लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.

किती आजारी हे मोजायला ऑक्सिजनेशन इंडेक्स वापरतात, ओआय. व्हेंटिलेटरचा सरासरी दाब गुणिले दिलेल्या ऑक्सिजनचा अंश गुणिले शंभर, भागिले धमनीतल्या रक्तातला ऑक्सिजनचा दाब. दाब १५, ऑक्सिजन पूर्ण (अंश १), रक्तात मिळाला फक्त ५०, तर ओआय झाला ३०. मेहनत जास्त आणि मिळकत कमी, की आकडा वर. २५ च्या पुढे गेला की बाळ गंभीर. ४० च्या आसपास एक्मोचा विचार सुरू होतो. एक्मो म्हणजे बाळाचं रक्त शरीराबाहेर काढून, यंत्रातून ऑक्सिजन भरून परत आत सोडणं.

औषधांचं गणितही थोडक्यात. रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तरातून नायट्रिक ऑक्साइड निघतो, तो शेजारच्या स्नायुपेशीत सायक्लिक जीएमपी नावाचा रेणू वाढवतो, आणि स्नायू सैल होतो. (१९९८ चं नोबेल याच शोधाला, फर्चगॉट, इग्नॅरो आणि मुराद.) हा वायू श्वासातून दिला तर फुप्फुसाच्या ज्या भागात हवा पोचते तिथल्याच रक्तवाहिन्या उघडतात, आणि रक्तात शिरताच हिमोग्लोबिन त्याला पकडून निकामी करतं, म्हणून अंगाचा रक्तदाब पडत नाही. इतकं नेमकं औषध वैद्यकात क्वचितच सापडतं. सिल्डेनाफिलची वाट वेगळी: सायक्लिक जीएमपीला तोडणारं पीडीई-५ हे एन्झाइम ते अडवतं. मूळचं हे फायझरचं हृदयविकारासाठी तपासलेलं औषध, १९९८ मध्ये बाजारात आलं ते व्हायग्रा म्हणून. ते रक्तातून सगळीकडे जातं, फक्त फुप्फुसात नाही, म्हणून अंगाचा रक्तदाबही पाडू शकतं.

आता पहिला पेपर. निनोस या नावाने ओळखला जातो. अमेरिका आणि कॅनडातली केंद्रं, ३४ आठवडे पूर्ण झालेली बाळं, ओआय किमान २५, एकूण २३५ बाळं. अर्ध्यांना नायट्रिक ऑक्साइड, अर्ध्यांना तुलनेसाठी नुसता ऑक्सिजन, आणि कोणाला काय चाललंय हे उपचार करणाऱ्यांना माहीत नाही. मुख्य निष्पत्ती होती "१२० दिवसांच्या आत मृत्यू किंवा एक्मो". कंट्रोल गटात ती ६४ टक्क्यांत घडली, औषध गटात ४६ टक्क्यांत. फरक १८ टक्क्यांचा; म्हणजे साधारण पाच-सहा बाळांना वायू दिला की एका बाळाचा मृत्यू किंवा एक्मो टळतो. या आणि अशाच दुसऱ्या चाचण्यांच्या जोरावर १९९९ च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेत या वायूला मान्यता मिळाली.

इथपर्यंत ॲब्स्ट्रॅक्ट. आता ती जोड-निष्पत्ती सुटी करू. एक्मो: ५४ टक्के विरुद्ध ३९ टक्के. मृत्यू: १७ टक्के विरुद्ध १४ टक्के. मृत्यूंचे आकडे सुटे मांडले तर १२१ मधले २० आणि ११४ मधले १६. म्हणजे जवळजवळ सगळा फायदा एक्मोच्या बाजूचा आहे. २००० साली क्लार्क आणि सहकाऱ्यांनी २४८ बाळांत कमी डोसची चाचणी केली, तिथेही तेच: एक्मो ६४ वरून ३८ टक्क्यांवर, मृत्यू मात्र दोन्हीकडे जवळपास सारखे. नंतरच्या कॉक्रेन समीक्षेनेही सगळ्या चाचण्या एकत्र करून हेच सांगितलं.

यावरून एक वाक्य फार चटकन बोललं जातं. जर्नल क्लबमध्ये मी ते अनेकदा ऐकलंय: "नायट्रिक ऑक्साइडने मृत्यू कमी होत नाहीत. मग आपल्याकडे नसला तर काय बिघडलं?"

थांबा जरा. कंट्रोल गटातल्या बाळांना काय मिळत होतं? एक्मो मिळत होता. वायू नाही मिळाला आणि बाळ खालावलं, तर मागे जाळं होतं. आणि ते जाळं मजबूत आहे हे वेगळं सिद्ध झालंय: १९९६ च्या ब्रिटिश चाचणीत १८५ बाळं होती, एक्मोच्या गटात ९३ पैकी ३० दगावली, नेहमीच्या उपचारांच्या गटात ९२ पैकी ५४. म्हणजे निनोसमध्ये औषध न मिळालेल्या बाळांना मृत्यूपासून वाचवणारा दुसरा उपचार हाताशी होता. अशा ठिकाणी मृत्यूत फरक दिसणार कसा? औषध आणि एक्मो एकाच बाळाला वाचवायला धावतायत. औषध आधी पोचलं तर एक्मो वाचतो; नाही पोचलं तर एक्मो बाळाला वाचवतो. मृत्यूचा आकडा दोन्हीकडे सारखाच.

आता एक्मो काढून टाका. ज्या पंधरा टक्के बाळांचा एक्मो वायूमुळे टळला, ती बाळं एक्मो नसलेल्या गावात असती तर त्यांचं काय झालं असतं? काही जगली असती, काही गेली असती. म्हणजे जिथे एक्मो नाही तिथे हा वायू मृत्यूसुद्धा कमी करेल अशी शक्यता निनोसमधूनच निघते. पण निनोस ती सिद्ध करत नाही, कारण तसा कंट्रोल गट तिथे नव्हता. उलट शक्यताही आहे: वायूने ऑक्सिजन काही तास वर आला, एक्मोचा उंबरठा ओलांडला गेला नाही, आणि बाळाचं शेवटी जे व्हायचं तेच झालं. अर्ध्या तासात रक्तातला ऑक्सिजन सरासरी ५८ मिमीने वाढला (कंट्रोलमध्ये १० च्या आसपास) हे खरंय, पण ऑक्सिजन वाढणं आणि जगणं यांत अंतर आहे. पोटाच्या पडद्याला जन्मतः छिद्र असलेल्या ५३ बाळांची वेगळी चाचणी याच गटाने केली. तिथे वायू मिळालेल्यांपैकी ८० टक्के बाळांना एक्मो लागला, न मिळालेल्यांपैकी ५४ टक्क्यांना. वायू तोच, रक्तवाहिन्या सैल करण्याची यंत्रणा तीच.

"पण १७ आणि १४ मध्ये फरक आहेच ना, सर?" आहे. मग तो खरा की योगायोग हे ठरवायला किती बाळं लागली असती ते काढू. नेहमीचं सूत्र: ८० टक्के पॉवर, ५ टक्के अल्फा. ७.८४ गुणिले (०.१७×०.८३ अधिक ०.१४×०.८६) भागिले ०.०३ चा वर्ग. उत्तर येतं एका गटात जवळपास २,२८०. दोन्ही मिळून साडेचार हजारांच्या वर. प्रत्यक्षात होती २३५. म्हणजे "मृत्यू कमी झाले नाहीत" असं ही चाचणी म्हणूच शकत नाही. "मृत्यूबद्दल आम्ही सांगू शकत नाही" एवढंच ती म्हणते. मुलाखतीत हा फरक विचारतात, आणि विचारायलाच हवा.

दुसऱ्या पेपरकडे येतो. बाकेरो आणि सहकारी, २००६. ठिकाण बॅरांकिया, कोलंबिया. तिथे नायट्रिक ऑक्साइड नाही, एक्मो नाही. म्हणजे निनोसचं जाळंही नाही आणि निनोसचं औषधही नाही. ओआय २५ च्या वरची बाळं. सिल्डेनाफिलची गोळी विरघळवून नळीने पोटात, किलोला १ मिलिग्रॅम, दर सहा तासांनी. दुसऱ्या गटाला प्लासिबो. एकूण बाळं तेरा. सिल्डेनाफिल मिळालेल्या सातपैकी सहा जगली. प्लासिबो मिळालेल्या सहापैकी एक जगलं.

मला हा पेपर आवडतो हे आधीच सांगतो. लेखकांनी परिस्थिती लपवली नाही, निष्पत्ती म्हणून मृत्यू सरळ समोर ठेवले, आणि ज्या प्रश्नाकडे श्रीमंत देशांतली केंद्रं बघतच नव्हती तो त्यांनी विचारला. पण तेरा म्हणजे तेरा. चला, पी-व्हॅल्यू हातानेच काढू, सॉफ्टवेअर बंद ठेवा. फिशरची पद्धत.

समजा औषध निरुपयोगी आहे. मग तेरापैकी जी सात बाळं जगली ती कोणत्याही गटात असती तरी जगलीच असती. चिठ्ठ्यांनी फक्त त्यांना दोन गटांत वाटलं. तेरातून सात निवडायच्या पद्धती १,७१६. त्यांत "औषध गटातली सहा आणि प्लासिबोतलं एक" अशा पद्धती ७×६ = ४२. याहून टोकाची, म्हणजे सातही औषध गटातली, १. उलट्या टोकाला "औषध गटातलं एकच, प्लासिबोतली सहाही" अशा ७. बेरीज ५०. पन्नास भागिले १,७१६ म्हणजे ०.०२९. ०.०५ च्या खाली, आपण खूश.

आता प्लासिबो गटातलं फक्त एक बाळ जास्त जगलं असतं तर? सहापैकी दोन. पुन्हा तेच गणित: १३२ भागिले १,२८७, म्हणजे ०.१०. गेलं. किंवा सिल्डेनाफिल गटातलं एक बाळ जास्त दगावलं असतं तर? १७६ भागिले १,७१६, पुन्हा ०.१०. एका बाळावर अख्खा "सिग्निफिकंट" तोललेला आहे. एक बाळ इकडे-तिकडे व्हायला काय लागतं? एका रात्रीची वीज, एक जास्त अनुभवी सिस्टर, जंतुसंसर्गाचं एक निदान बारा तास लवकर. यादृच्छिक वाटणीने हे सगळं समान होतं म्हणतात, पण ते मोठ्या संख्येत. तेरा बाळांत चिठ्ठ्या काहीही वाटू शकतात.

सुरक्षिततेचं तर बोलूच नका. सात बाळांत एखादा गंभीर दुष्परिणाम एकदाही दिसला नाही असं धरलं, तरी ९५ टक्के खात्रीने एवढंच म्हणता येतं की तो ३५ टक्क्यांहून जास्त वेळा होत नसावा. पस्तीस टक्के! "रक्तदाबावर लक्षणीय परिणाम आढळला नाही" असं वाक्य छोट्या चाचणीत दिसलं की हा हिशेब लगेच करून बघायचा. (१ वजा ०.०५ चं सातवं मूळ. मोठ्या संख्येला ३ भागिले बाळांची संख्या एवढं पुरतं.)

आणि प्लासिबो गटातली पाच बाळं. इथे मी थोडा रेंगाळणार आहे, कारण वर्गात या भागावरून लोक पटकन पुढे जातात.

वायूला मान्यता मिळून काही वर्षं झाली होती. जगात कुठेतरी उपचार होता. मग प्लासिबो देणं योग्य होतं का? हेलसिंकी जाहीरनाम्याच्या २००० च्या आवृत्तीत म्हटलं होतं की नव्या उपचाराची तुलना उपलब्ध सर्वोत्तम उपचाराशी करावी. २००२ मध्ये त्यावर खुलासा जोडावा लागला, कारण "सर्वोत्तम" म्हणजे जगात सर्वोत्तम की त्या गावात सर्वोत्तम, यावर वाद पेटला होता. त्याआधी १९९७ मध्ये गरोदर मातांकडून बाळाला होणाऱ्या एचआयव्हीच्या चाचण्यांवरून हेच भांडण झालं होतं. माझं मत असं: बॅरांकियात कंट्रोल गटाला जे मिळालं तेच तिथल्या प्रत्येक बाळाला एरवीही मिळत होतं. चाचणीने त्यांच्याकडून काही काढून घेतलं नाही, आणि औषध खरंच उपयोगी की घातक हे तेव्हा माहीत नव्हतं. त्या अर्थाने प्रश्न प्रामाणिक होता. पण एकदा सहापैकी एक आणि सातपैकी सहा असा निकाल छापून आल्यावर? मेक्सिकोतून २०१० मध्ये व्हार्गास-ओरिजेल आणि सहकाऱ्यांची ५१ बाळांची चाचणी आली. सिल्डेनाफिल गटात ३१ पैकी २ दगावली, प्लासिबो गटात २० पैकी ८. पुराव्यासाठी ही चाचणी हवीच होती, वरचं गणित तेच सांगतं. त्या आठ बाळांच्या आईबापांना ते गणित समजावून सांगायची हिंमत माझ्यात नाही. छोटी चाचणी स्वस्त असते असा आपला समज असतो. ती अनिर्णित राहते, म्हणून पुन्हा करावी लागते, आणि प्रत्येक वेळी नवा कंट्रोल गट लागतो. हा खर्च कुठल्याच बजेटमध्ये दिसत नाही.

आता दोन्ही पेपर शेजारी ठेवा. निनोसच्या कंट्रोल गटात मृत्यू १७ टक्के. मेक्सिकोत ४० टक्के. बॅरांकियात ८३ टक्के. आजार एकच, ओआयची अट जवळपास एकच. हा फरक औषधाने केलेला नाही, कारण यांपैकी कुणालाच औषध मिळालेलं नाही. हा फरक एक्मोचा, व्हेंटिलेटरचा, सर्फॅक्टंटचा, सिस्टरच्या संख्येचा, बाळ किती उशिरा पोचलं याचा आहे. कंट्रोल गटाचा मृत्युदर म्हणजे त्या अख्ख्या विभागाचा एक्स-रे. सिल्डेनाफिलच्या छोट्या चाचण्या एकत्र करून "मृत्यूचा धोका इतक्या पटीने कमी" असा एकच आकडा काढतात, तेव्हा हा एक्स-रे फाडून टाकलेला असतो. ४० टक्के मृत्यू असलेल्या ठिकाणचा फायदा ११ टक्के मृत्यू असलेल्या ठिकाणी त्याच पटीत मिळेल हे गृहीतक आहे, आणि ते तपासलेलं नाही.

थोडंफार तपासलंय म्हणा. नायट्रिक ऑक्साइड चालू असलेल्या बाळांना वरून शिरेतून सिल्डेनाफिल दिलं तर? पियर्स आणि सहकारी, २०२१, ५९ बाळं. उपचार अपयशी ठरल्याचं प्रमाण सिल्डेनाफिल गटात २७.६ टक्के, प्लासिबोत २० टक्के. फरक सिद्ध झाला नाही. बोसेंटानची गोष्ट अगदी अशीच. इजिप्तमध्ये २०१२ साली ४७ बाळांत, जिथे वायू नव्हता, ते प्लासिबोपेक्षा कितीतरी सरस ठरलं. २०१६ च्या फ्यूचर-४ मध्ये वायूच्या जोडीला दिलं, २१ बाळं, जादा फायदा काही दिसला नाही. मग "परस्परविरोधी निष्कर्ष" असं लिहून मोकळं व्हायचं का? बऱ्याच थीसिसच्या दुसऱ्या प्रकरणात नेमकं हेच लिहिलेलं असतं. पण विरोध कुठाय? एकीकडे विचारलं, काहीच नसताना हे दिलं तर काय होतं. दुसरीकडे विचारलं, सगळं असताना वरून हे दिलं तर काय होतं. तहानलेल्याला दिलेला पेला आणि पोटभर पाणी प्यायलेल्याला दिलेला पेला, यांची तुलना करून पाण्याबद्दल वाद घालण्यासारखं आहे हे.

यंत्रणेवर भिस्त ठेवणाऱ्यांसाठी एक प्रकरण सांगून हा भाग संपवतो. सिल्डेनाफिल रक्तवाहिन्या सैल करतं, मग पोटात वाढ खुंटलेल्या बाळांसाठी ते आईलाच दिलं तर वारेतला रक्तप्रवाह वाढेल, असा तर्क होता. तर्क सुंदर होता. स्ट्रायडर नावाच्या चाचण्या वेगवेगळ्या देशांत सुरू झाल्या. ब्रिटनमध्ये फायदा दिसला नाही. नेदरलँड्समधली २०१८ मध्ये मध्येच थांबवावी लागली. छापून आलेले आकडे: सिल्डेनाफिल गटातल्या ८५ नवजातांपैकी १६ जणांना फुप्फुसांतला चढा रक्तदाब, प्लासिबो गटात ७८ पैकी ४. ज्या आजारावर हे औषध देतात, तोच आजार. जन्मताच औषध तुटल्यामुळे वाहिन्या उलट आवळल्या असाव्यात, असा एक तर्क आहे. तोही तर्कच. आणि हे पहिल्यांदा घडलेलं नाही. वायू येण्याआधी, १९९३-९४ मध्ये, अमेरिकेतल्या १२ केंद्रांतल्या ३८५ बाळांचा अभ्यास झाला होता. जोरात व्हेंटिलेशन, शिरेतून अल्कली, टोलॅझोलिन, प्रत्येक केंद्राची आपली पद्धत आणि प्रत्येकाकडे आपलं यंत्रणेचं स्पष्टीकरण. एकूण मृत्यू ११ टक्के, आणि कोणत्याही एका उपचाराने ते कमी झाल्याचं स्पष्ट दिसलं नाही. अल्कली मिळालेल्या बाळांत एक्मोचं प्रमाण उलट जास्त होतं. टोलॅझोलिनने रक्तदाब पडायचा, पोटात रक्तस्राव व्हायचा. आज ते वापरातून गेलंय.

मग हवी असलेली चाचणी कोणती? माझ्या मते ती अशी: एक्मो नसलेली ठिकाणं, एका गटाला वायू, दुसऱ्याला सिल्डेनाफिल, निष्पत्ती फक्त मृत्यू. "उपलब्ध नसल्यास" या शब्दांचं मोल तेव्हाच कळेल, कारण वायूसाठी सिलिंडर, देणारं यंत्र, नायट्रोजन डायऑक्साइड मोजणारा मॉनिटर आणि मेथेमोग्लोबिनची तपासणी हे सगळं विकत घ्यायचं की त्या पैशात चार सिस्टर नेमायच्या, हा निर्णय कुणीतरी रोज घेतोच आहे. मृत्यू ३० वरून २० टक्क्यांवर येतात का हे बघायला एका गटात साधारण २९० बाळं लागतील, दोन्ही मिळून सहाशेच्या घरात. हजारात दोन हे प्रमाण धरलं तर वर्षाला दहा हजार प्रसूती होणाऱ्या मोठ्या रुग्णालयात वीस बाळं. एकट्याने केली तर तीस वर्षं. दहा रुग्णालयं एकत्र आली तर तीन. त्यातही प्रत्येक बाळ निकषात बसेल आणि प्रत्येक आईबाप संमती देतील असं धरलंय, जे होत नाही. म्हणजे पाच-सहा वर्षं आणि पंधरा रुग्णालयं. अवघड आहे, पण प्रसूतींचा एवढा आकडा असलेल्या आपल्या देशाला अशक्य नाही.

अडचण वेगळीच आहे, आणि प्रपोजल लिहिताना ती तुम्हाला लगेच आडवी येईल. ओआय काढायला व्हेंटिलेटरचा सरासरी दाब आणि धमनीतल्या रक्ताची तपासणी लागते. आपल्या जिल्हा रुग्णालयांतल्या एसएनसीयूची मूळ सरकारी आखणीच अशी आहे की कृत्रिम श्वसन आणि मोठी शस्त्रक्रिया सोडून बाकीची नवजात सेवा तिथे द्यायची. निदान पक्कं करायला हृदयाची सोनोग्राफी लागते, ती करणारा माणूस लागतो. म्हणजे ही सहाशे बाळं पुन्हा व्हेंटिलेटर असलेल्या, शहरातल्याच विभागांतून येणार. तालुक्याहून जिल्ह्याला आणि जिल्ह्याहून मेडिकल कॉलेजला ॲम्ब्युलन्समधून निघालेलं निळं बाळ निकषातच बसत नाही, आणि वाटेत गेलं तर ते कोणत्याच गटाच्या मृत्युदरात मोजलं जात नाही. तुमच्यापैकी कुणी सार्वजनिक आरोग्य किंवा बायोस्टॅटिस्टिक्समध्ये जाणार असेल तर विषय शोधायला फार लांब जायला नको: ओआयशिवाय, फक्त पल्स ऑक्सिमीटरवर (उजवा हात आणि पाय यांतला फरक), या बाळांना चाचणीत घ्यायचं कसं, हा प्रश्न मोकळाच पडलेला आहे.